दहाव्या दिवशीची पाठदुखी आणि ताप

पत्र (थोडं आटोपशीर करून):

“माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण पुण्यात झालं. कळा सोसेनात म्हणून पाठीत नळी घालून औषध दिलं, एपिड्युरल म्हणतात ते. नळी अकरा तास होती. चौथ्या दिवशी सोडलं आणि आम्ही तिला इकडे जुन्नरला माहेरी आणलं. सहाव्या दिवसापासून कंबरेत दुखतंय, जिथं सुई टोचली त्याच्या आसपास. आज दहावा दिवस. रात्री कूस बदलताना ओरडते. संध्याकाळी ताप येतो, १०० ते १०१. कालपासून डाव्या मांडीत चमक जाते. इथल्या डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यानं ताप जरा उतरला. विहीणबाई म्हणतात, पाठीत सुई घेतली की कंबर जायचीच. मालिशवाली म्हणते वात आहे, चांगला शेक द्या. एमआरआय करायला हवा का? ते इंजेक्शन घेतलं हेच चुकलं का? आणि एवढी औषधं चालू असताना बाळाला अंगावर पाजायचं का?”

एक आई, जुन्नर तालुका

ताई,

हे उत्तर तुम्हाला ई-मेलनं आधीच पाठवलं आहे, इथं छापतोय ते बाकीच्यांसाठी. लेकीला आज, आत्ता, अशा रुग्णालयात न्या जिथं एमआरआय आहे आणि मणक्याचं ऑपरेशन करणारे सर्जन आहेत. उद्या सकाळी नाही, गोळ्यांचा कोर्स संपल्यावर तर नाहीच. जुन्नरहून पुणे नव्वद-एक किलोमीटर आहे. गाडी नसेल तर १०८ला फोन करा. तिला मागच्या सीटवर आडवी झोपवून न्या. शेक आणि मालिश तिथल्या तिथं थांबवा.

पाठीत नळी घातलेली होती, नंतर दुखणं सुरू झालं आणि दिवसागणिक वाढतंय, शिवाय ताप आहे. एवढं जुळलं की मणक्याच्या पोकळीत पू साचलेला नाही ना, हे त्याच दिवशी बघावं लागतं. मांडीत जाणारी चमक ही चौथी गोष्ट, आणि घाई आहे ती मुख्यतः तिच्यामुळे. पू आहेच असं आम्ही म्हणत नाही. नुसतं पत्र वाचून ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तो नाही, असंही एमआरआय बघितल्याशिवाय कुणी म्हणू नये, मग ते तुमचे डॉक्टर असोत, आम्ही असू की मालिशवाली.

एवढी घाई का, ते समजलं तर घरातल्यांना पटवायला सोपं जाईल. मणक्यांच्या हाडांची मिळून एक नळी होते. तिच्यात मज्जारज्जू आणि नसा एका जाड आवरणात असतात. हाड आणि आवरण यांच्यामध्ये चरबीनं आणि बारीक शिरांनी भरलेली चिंचोळी फट असते. एपिड्युरलची नळी या फटीत बसवतात. फटीला आडवे पडदे नाहीत, म्हणून औषध वर-खाली छान पसरतं, आणि पूसुद्धा तसाच पसरतो. मांडीवर गळू झालं तर ते बाहेर फुगतं, तोंड धरतं, फुटतं. इथं सगळीकडून हाड आहे. फुगायला जागा नाही, म्हणून पू आतल्या नसांवर दाब देतो. शिवाय आसपासच्या शिरांत सूज येऊन रक्त गोठतं आणि नसांचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच कधी कधी एमआरआयवर पू थोडाच दिसतो, पण पाय मात्र गेलेले असतात.

हा आजार पायऱ्या उतरत जातो. आधी त्या जागी ठणका. मग एखादी नस चिडून मांडीत, जांघेत किंवा पोटरीत चमका. त्यानंतर पायातली शक्ती कमी होणं, बधिरपणा, लघवी अडणं किंवा कळत नाही अशी होणं. शेवटी पाय पूर्ण लुळे. पहिल्या दोन पायऱ्यांवर काही दिवस जातात, पण तिसरीवरून चौथीवर यायला कधी कधी एक दिवसही लागत नाही. तुमची लेक, तुम्ही लिहिलंय त्यावरून, दुसऱ्या पायरीवर असू शकते. ऑपरेशनला आत नेताना पायात जेवढी ताकद उरलेली असते, साधारण तेवढीच पुढं आयुष्यभर हाती राहते. चालत गेलेली बाई बहुधा चालत घरी येते. पाय जाऊन दीड दिवस उलटल्यावर पोचलेल्या बाईच्या बाबतीत सर्जनच्या हातात फारसं काही उरत नाही. “पाय जड वाटायला लागले तर नेऊ” हा विचार म्हणूनच घातक.

पुस्तकात ताप, पाठदुखी आणि पायातली कमजोरी अशी तीन लक्षणं एकत्र दिलेली असतात. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत तिन्ही एकदम दिसणारे रुग्ण निम्म्याहूनही बरेच कमी. तिसऱ्याची वाट बघण्यातच पाय जातात.

आता गोळ्यांबद्दल. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला, याचा आम्हाला आनंद होत नाही. प्रसूतीनंतर पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक ठरलेलंच असतं, आणि ही तिन्ही ताप दाबतात. अँटिबायोटिकची गोळी पू बरा करत नाही, पण जंतूंना थोडं मवाळ करते. त्यामुळे ताप कमी दिसतो आणि पुढं रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काही उगवत नाही. डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता, पण आणखी गोळ्या मागू नका. जी घेतली त्यांची पाकिटं फेकू नका, बरोबर न्या. कुठली, कधीपासून, किती झाल्या, शेवटची किती वाजता, हे कागदावर लिहून ठेवा. निघायच्या आधी ताप मोजायचा असेल तर शेवटच्या गोळीला सहा तास झालेत का ते बघा. नाहीतर ९९ दिसेल आणि सगळे निर्धास्त होतील.

गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत हे करून घ्या. हे गाडीच्या ऐवजी नाही, गाडी येईस्तोवर. तिला कुशीवर झोपवा, गुडघे पोटाशी. दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडांचे वरचे कंगोरे हातानं चाचपा. त्यांना जोडणारी आडवी रेघ मनात काढली की ती जिथं पाठीचा कणा ओलांडते, त्याच्या आसपास सुईची बारीक खूण सापडेल. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. लाली, सूज, ओल, पूचा थेंब बघा. मग एका बोटानं वरच्या मणक्यापासून खाली एकेक मणक्याचं टोक हलकं दाबत या. एखाद्याच मणक्यावर ती दचकली तर लिहून ठेवा. कातडी अगदी स्वच्छ दिसली तरी निघायचंच, कारण आतल्या पूची खूण वर उमटतेच असं नाही.

मग उताणी झोपवून एकेक पाय गुडघा न वाकवता उचलायला सांगा. पायाचा अंगठा तुमच्या बोटाच्या विरोधात वर ओढायला लावा, मग पंजा खाली दाबायला. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? कापसाचा बोळा मांड्यांच्या आतल्या बाजूनं फिरवा, दोन्हीकडे सारखाच जाणवतो का विचारा. आणि सरळ विचारा: लघवीची भावना होते का, धार नेहमीसारखी लागते का, शौचाचं कळतं का? नव्या बाळंतिणीला याची लाज वाटते, आणि टाके असले की “तिथं सगळंच बधिर आहे” म्हणून ती सोडून देते. तुम्ही आई आहात, तुम्हीच विचारा. यातलं काही बिघडलेलं असेल तर रुग्णालयात पोचल्या पोचल्या आधी ते सांगा.

तिथं बोलायचं कसं, हेही महत्त्वाचं. “बाळंतपणानंतर कंबर दुखते” असं सांगितलंत तर पट्टा, कॅल्शियम आणि एक इंजेक्शन देऊन परत पाठवतील, कारण रोज दहा बायका हेच सांगत येतात. असं म्हणा: “दहा दिवसांपूर्वी एपिड्युरल कॅथेटर होता, अकरा तास. सहाव्या दिवसापासून त्याच जागी दुखणं, वाढतंय, रात्री झोपू देत नाही. ताप १०१. कालपासून डाव्या मांडीत चमक. एपिड्युरल पू आहे का ते बघायचंय.” वाक्य पाठ करा, हवं तर कागद वाचून दाखवा.

आपल्याकडे घोटाळा बहुतेक वेळा इथंच होतो. नळीतून शिरलेल्या जंतूंचा पू साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून दुसऱ्या आठवड्यात बोलायला लागतो. तोवर बाळंतीण माहेरी पोचलेली असते. डॉक्टर वेगळे, गाव वेगळं, आणि डिस्चार्ज कार्डावर “नॉर्मल डिलिव्हरी” एवढंच. एपिड्युरल दिल्याचा उल्लेख कार्डावर असेलच असं नाही. ज्यांनी नळी घातली त्यांना ताप कळत नाही, आणि ज्यांना ताप दिसतो त्यांना नळी माहीत नसते. तेव्हा वाटेतच पुण्याच्या रुग्णालयाला फोन लावा आणि भूलतज्ज्ञांच्या नोंदीचा फोटो मागवा. सुई कुठल्या मणक्यांमध्ये, किती वेळा टोचावं लागलं, आतलं आवरण चुकून भोसकलं गेलं का, नळी कधी काढली, टोक अखंड निघालं का, हे सगळं त्या एका पानावर असतं. ते पान तुमच्या हक्काचं आहे, त्यासाठी भांडायची वेळ येऊ नये.

तपासण्यांत रक्त पहिलं. कल्चरसाठी दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन वेळा रक्त घ्यायला हवं, आणि तेही नवीन अँटिबायोटिक टोचायच्या आधी. सीआरपी, ईएसआर (दोन्ही अंगातली सूज, जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या तपासण्या), पांढऱ्या पेशी होतील. यात एक फसवी जागा आहे. गरोदरपणात ईएसआर चढलेलाच असतो, प्रसूतीनंतर पांढऱ्या पेशीही वाढतात, म्हणून “बाळंतिणीला असं असतंच” म्हणून रिपोर्ट बाजूला पडतो. सीआरपी जास्त उपयोगी. तो प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत वर जाऊन मग उतरायला लागतो. दहाव्या दिवशी तो चढाच असेल तर कारण शोधावंच लागतं. उलट तो थोडासाच वाढलेला असला, म्हणून एमआरआय रद्द होत नाही.

दुसरी फसवी जागा लघवीची. या दिवसांत अंगावरचं जात असतं. ते नमुन्यात मिसळतं आणि रिपोर्टमध्ये पसपेशी भरपूर येतात. ताप आहे, पाठ दुखते, लघवीत पसपेशी आहेत, म्हणजे किडनीचं इन्फेक्शन, असं गणित पाच मिनिटांत जुळतं आणि खरा आजार मागं राहतो. किडनीचं दुखणं कुशीत, बहुधा एका बाजूला असतं. हे मधोमध, कण्यावर. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफीनं मूत्राशयात किती उरली तेही बघायला सांगा. २०० मिलिलिटरच्या वर उरत असेल तर नसांवर दाब असल्याची शंका बळावते.

एमआरआयबद्दल तुम्ही विचारलंत: करायलाच हवा. पण नेमका कुठला, तेही बघून घ्या. नेहमी लिहून मिळतो तो फक्त कंबरेचा, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे स्वस्तातला. इथं हवा आहे तो संपूर्ण मणक्याचा, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टसह. कॉन्ट्रास्टनं पूची कड उजळून दिसते आणि पू नुसत्या सुजेपासून वेगळा ओळखता येतो. पूर्ण मणका अशासाठी, की पू वर किती चढलाय ते सर्जनना आधी कळलं पाहिजे. साध्या एक्स-रेत या टप्प्यावर काहीच दिसत नाही. तो “नॉर्मल” आला म्हणून घरी येऊ नका. मशीनमध्ये अर्धा-पाऊण तास पडून राहावं लागतं, तेव्हा आत जायच्या आधी बाळाला पाजून घ्या. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना काढा. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवली असेल तर सांगा, पण तिच्यामुळे एमआरआय अडत नाही. काही कारणानं एमआरआय शक्यच नसेल तर कॉन्ट्रास्टचा सीटी, ही दुसरी पसंती. कंबरेतून पाणी काढून तपासायची घाई कुणी केली तर थांबवा आणि आधी एमआरआयचा आग्रह धरा, कारण सुई पूमधून आत गेली तर जंतू आवरणाच्या आत पोचतात.

पू निघाला तर पुढं काय? नसांवर दाब असेल तर मणक्याच्या मागच्या कमानीचा थोडा भाग काढून पू बाहेर काढतात आणि जागा धुतात. पू कल्चरला जातो. रिपोर्ट यायच्या आधीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. या पूमागचा नेहमीचा गुन्हेगार स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आपल्या कातडीवर आणि नाकात राहणारा, म्हणून सहसा व्हॅन्कोमायसिन आणि त्याच्या जोडीला सेफ्ट्रिअॅक्सोनसारखं दुसरं औषध. मग जंतू कळला की त्याप्रमाणे बदल. औषधं साधारण सहा आठवडे चालतात, त्यातला बराच काळ शिरेतून. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत. हाडात उरलेला जंतू परत डोकं काढतो. पू अगदी थोडा, पायांची ताकद शाबूत, अशी स्थिती असेल तर नुसत्या औषधांवरही ठेवतात, पण तेव्हा दर काही तासांनी पायांची ताकद तपासली गेली पाहिजे. ती तपासून लिहिली जाते आहे ना, एवढं तुम्ही बघा. रात्री दोन वाजता पाय गळाला तर सर्जनना रात्री दोन वाजताच कळायला हवं.

बाळाचं दूध बंद करू नका. कॉन्ट्रास्टचा दुधात जाणारा अंश नगण्य असतो. एमआरआयनंतर दिवसभर दूध पिळून फेकायला सांगतात, त्याची गरज नाही. व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोन चालू असताना पाजता येतं, बाळाला थोडं पातळ शी झालं तर घाबरू नका. बाळाच्या डॉक्टरांना मात्र आईची औषधं सांगून ठेवा. ऑपरेशननंतर ती भुलेतून नीट जागी झाली, बाळाला धरू शकली, की पाजू शकते. मधल्या तासांत दूध काढत राहा, नाहीतर छाती दाटून आणखी एक ताप मागं लागेल.

आता विहीणबाईंचा मुद्दा. सुई घेतली हे चुकलं का? नाही. हा धोका खरा आहे, पण फार विरळा आहे. ब्रिटनमधल्या प्रसूतीच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे लोक गरोदर बायकांना जे माहितीपत्रक देतात त्यात पूचं प्रमाण ५०,००० एपिड्युरलमागे १ आणि मेनिंजायटिसचं (मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणाला येणारी सूज) १ लाखामागे १ असं छापलेलं असतं. तिथल्याच भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २००९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत वर्षभरात पाठीतून दिलेल्या सात लाखांवर भुली मोजल्या गेल्या होत्या. पूचे रुग्ण सापडले १५. गंभीर गुंतागुंतींपैकी बहुतेक मोठ्या ऑपरेशननंतर नळी ठेवलेल्यांच्या होत्या, बाळंतिणी त्यात फार थोड्या. कारण उघड आहे. प्रसूतीतली नळी काही तासांची, ऑपरेशननंतरची कित्येक दिवसांची. नळी जितकी जास्त दिवस, तितकी जंतूंना वाट मोकळी.

जंतू येतात कुठून, हेही ज्यांचं बाळंतपण पुढं आहे त्यांनी वाचून ठेवावं. एक वाट कातडीची. केसांच्या मुळाशी, घामाच्या ग्रंथीत बसलेल्या जंतूंपर्यंत औषध पूर्ण पोचत नाही, ते नळीच्या कडेकडेनं आत सरकतात. म्हणून अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावून ते पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं असतं. वाळायच्या आधी सुई टोचली तर दोन नुकसानं: जंतू मरायला वेळ मिळत नाही, आणि ओलं औषध सुईबरोबर आत गेलं तर ते नसांनाच बाधतं. दुसरी वाट तोंडाची. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि ओहायोमध्ये २००८-०९ मध्ये पाच बाळंतिणींना पाठीतल्या भुलेनंतर मेनिंजायटिस झाला. एकीचा मृत्यू झाला. सापडलेला जंतू होता स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस, माणसाच्या थुंकीतला. ओहायोतल्या दोघींना भूल देणाऱ्यानं मास्क लावलेला नव्हता. तेव्हा सुई टोचताना खोलीतल्या प्रत्येकाच्या, नवऱ्याच्या आणि आईच्यासुद्धा, नाकातोंडावर मास्क हवा. तिसरी वाट रक्ताची: अंगात दुसरीकडे जंतू असताना ते वाहत येऊन तिथं बसतात. मधुमेह, स्टेरॉइडच्या गोळ्या, कंबरेच्या कातडीवर फोड, सुई अनेकदा टोचावी लागणं, यानं धोका वाढतो. कंबरेवर पुळी किंवा गजकर्ण असेल तर ते भूलतज्ज्ञांना आधी दाखवा, शेवटच्या क्षणी लपवू नका.

आणि ज्या बायकांची प्रसूतीनंतर नुसतीच कंबर दुखतेय, त्यांनी हे वाचून रात्रीची झोप घालवू नये. बाळंतपणानंतर कंबर दुखणाऱ्या बायका अमाप, एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोन्ही. दोन्ही गटांची तुलना करून झाली आहे, जुनाट कंबरदुखीत फरक सापडत नाही. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, मुकामार लागल्यासारखं. ते रोज थोडं कमी होतं, वाकून पाजलं की वाढतं, पडलं की बरं वाटतं, ताप नसतो. पाठीला उशी, पायाखाली पाट, बाळ छातीशी उचलून, असं पाजून बघा. अशा दुखण्याला तेल, शेक खुशाल करा, फक्त सुईच्या जागेवर पहिले चार-पाच दिवस तेल रगडू नका. काळजीचं दुखणं उलट वागतं. पडूनही थांबत नाही, रात्री जास्त, रोज कालच्यापेक्षा वाईट.

प्रसूती चालू असतानाच एपिड्युरलमुळे थोडा ताप चढतो, तो जंतूंचा नसतो आणि बाळ झाल्यावर उतरतो. त्याचा या पूशी संबंध नाही. डोकेदुखीचंही तसंच. उठून बसलं की कपाळ आणि मान फुटायला होते आणि आडवं पडलं की पाच मिनिटांत थांबते, ती आवरणाला भोक पडल्याची. त्रासदायक, पण उपाय आहे: स्वतःचंच १५-२० मिलिलिटर रक्त त्या जागी सोडून भोक बुजवतात. झोपूनही न थांबणारी डोकेदुखी, ताप, मान ताठ, उजेड सोसवत नाही, गुंगी येते, असं असेल तर मात्र तासाभरात रुग्णालय गाठा.

आणखी एक शंका तुमच्याकडचे डॉक्टर काढतील: टीबी. आपल्याकडे ती काढलीच पाहिजे. मणक्याचा टीबी मात्र आठवडे, महिने घेत येतो. गरोदरपणातच पाठ दुखत होती, वजन वाढत नव्हतं, असं काही असेल तर आठवून सांगा. त्याचं उत्तरही त्याच एमआरआयमध्ये मिळेल.

स्लिप डिस्कसाठी एपिड्युरल स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणाऱ्या वाचकांनाही हेच नियम लागू, किंबहुना थोडे कडक. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनं पुढचे काही दिवस साखर चढते, ती रोज मोजा. आणि इथं दुखणं दोन आठवड्यांनीच नव्हे, महिन्या-दोन महिन्यांनीही येऊ शकतं. २०१२ साली अमेरिकेत एका कंपाउंडिंग फार्मसीच्या (औषधं स्वतः मिसळून तयार करणाऱ्या दुकानाच्या) स्टेरॉइडच्या कुप्यांत बुरशी निघाली आणि ७०० हून अधिक माणसं आजारी पडली, कित्येक दगावली. बऱ्याच जणांना इंजेक्शननंतर आठवड्यांनी त्रास सुरू झाला होता. “इंजेक्शनला तर महिना झाला” म्हणून दोन्हींचा संबंध झटकून टाकू नका.

पुढचं बाळंतपण येईल तेव्हा एपिड्युरल घ्यायचं की नाही, हे आजच ठरवायची गरज नाही. एमआरआय स्वच्छ निघाला तर पुन्हा घ्यायला काहीच आडकाठी नाही. ऑपरेशन झालंच तर त्या जागी व्रण राहील, मागचं हाड थोडं काढलेलं असेल, आणि नळी बसवणं व औषध सगळीकडे पोचणं अवघड होऊ शकतं. तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांची स्वतंत्र वेळ घ्या, ऑपरेशनची नोंद आणि आजच्या एमआरआयच्या फिल्म दाखवा. त्या फिल्म सीडीसकट कपाटात जपून ठेवा, माहेरी नव्हे, तिच्याकडे.